बोट थांबली आहे

बाबाच्या गोष्टींत मीठदाणी म्हणजे बोट, बशी म्हणजे धक्का आणि मिरीची डबी म्हणजे ज्याच्याशी भांडण झालं तो माणूस. हे माझ्यात इतकं भिनलेलं आहे, की दुसऱ्यांच्या घरी जेवताना कुणी मीठदाणी उचलली तर ती आता कुठल्या तीराला लागणार, असं मला अजूनही वाटतं.

बाबाने, म्हणजे हाल्वदानने, उभा जन्म आमच्या बेटाची फेरीबोट चालवली. बेट इकडे, मुख्य भूमी तिकडे, मधे खाडी. पुलाचा विषय दर निवडणुकीला निघतो आणि निवडणुकीबरोबर संपतो. बाबा निवृत्त झाल्यावर बोट आर्नफिनकडे गेली. आर्नफिन बाबाच्याच हाताखाली तयार झालेला आणि बाबाइतकाच कमी बोलणारा. फरक एवढाच, की बाबा जेवणाच्या टेबलावर तरी बोलायचा. आर्नफिन तिथेही नाही.

तो मार्चमधला रविवार. माझा नवरा यूस्टाइन समुद्रातल्या तेलविहिरीवर, त्याची पाळी चालू होती. घरात मी, बाबा आणि उंच खुर्चीत ईवर, माझा मुलगा, तेव्हा नुकताच बसायला लागलेला. उकडलेला कॉड मासा, बटाटे, वरून वितळलेलं लोणी. ईवर बटाटा कानात घालत होता आणि मी तो काढत होते.

मी काळजीखोर आहे हे बेटावर सगळ्यांना माहीत आहे. ईवर झाल्यापासून तर विचारू नका. शेजारची बर्गल्योत एकदा दुकानात सगळ्यांसमोर म्हणाली, "सिन्नेव, बाळ रडलं की तुझा नर्सला फोन, आणि नाही रडलं तरी फोन. ती बिचारी जेवते तरी कधी गं?" लोक हसले, मीही हसले. पण आरोग्य केंद्राने वाटलेला चुंबक मी त्याच दिवशी फ्रिजवर लावला. त्यावर मेंदूच्या झटक्याची खूण ओळखण्यासाठी तीन ओळी होत्या : बोल. हस. हात वर कर.

बाबाला तो चुंबक फार आवडायचा. आला की त्याच्यापुढे ताठ उभा राहायचा, सलाम ठोकायचा, तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, "हुकूम सरकार!"

"बाबा, असल्या गोष्टींची मस्करी नको करूस."

"मग कसल्या गोष्टींची करू? बटाट्यांची?"

त्या दिवशी कॉफी झाली आणि त्याने ती जुनी गोष्ट सुरू केली. आम्ही सगळ्यांनी हजारदा ऐकलेली, पण ईवरने नव्हती ऐकली, एवढं निमित्त त्याला पुरे होतं. जिल्ह्याचा कुणी मोठा साहेब बेटावर आला होता आणि परतीच्या बोटीवर गाडीत बसून होता. तेवढ्यात निरोप आला, वरच्या आळीतली पेत्रा पोटाच्या दुखण्याने लोळतेय, तिला इस्पितळात न्यायचंय. बाबाने बोट थांबवली. आमच्याकडे तेव्हापासूनचा हा रिवाज. कुणी आजारी आहे असं कळलं की बोट धक्क्याला थांबते, गाड्या चढायचा रॅम्प खाली, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कुणीही तक्रार करायची नाही.

"तर साहेब इथे," बाबाने मिरीची डबी पुढे सरकवली. "लाल टाय, टायपेक्षा लाल तोंड. ईवर, ऐकतोयस ना? मला म्हणतो, कप्तान, घड्याळ बघितलंस का? मी म्हटलं, बघितलं की. छान आहे. कुठे घेतलंस?"

ईवर खळखळून हसला. त्याला डबीचं हसू आलं असेल.

"आणि पेत्रा अजून वर, घरात. आणि बोट," बाबाने मीठदाणीकडे उजवा हात नेला, "बोट इथे..."

हात मीठदाणीच्या बाजूने गेला आणि बशीवर आपटला. बाबाने हाताकडे बघितलं, कुणा अनोळखी माणसाचा हात आपल्या टेबलावर आलाय असं. मग पुन्हा नेला. पुन्हा चुकला.

"बो... ब... पेत ते..." शब्द चावल्यासारखे येत होते.

"बाबा, मस्करी नको."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत मस्करी नव्हती. तिथे काय होतं हे मला लिहिता येणार नाही.

"हस बघू, बाबा. हस." अर्धं तोंड हसलं. "हात वर कर. दोन्ही." एक हात वर आला.

मी ११३, रुग्णवाहिकेचा नंबर, फिरवला. पलीकडची बाई शांत होती. कधीपासून, तिने विचारलं.

"आत्ता. मीठ घेताना."

"नक्की? आधी काही नव्हतं?"

"मी त्याच्याकडेच बघत होते. मी सगळ्यांकडे बघतच असते."

"छान केलंस. हे कळणं फार महत्त्वाचं असतं. रुग्णवाहिका पलीकडून निघतेय, इस्पितळालाही कळवतेय, ते तयार राहतील. त्याला कुशीवर झोपव, खायला-प्यायला देऊ नकोस, हलवू नकोस. फोन ठेवू नकोस."

पलीकडून. पूर्वी रुग्णवाहिका बेटावरच असायची, शाळेमागच्या गॅरेजमध्ये. नव्या वर्षापासून ती मुख्य भूमीवर गेली. इस्पितळाजवळ ठेवली तर जास्त माणसांच्या उपयोगी पडेल, असं बेटाच्या सभेत सांगितलं गेलं, आणि ते खोटंही नव्हतं. बाबाने आणि आर्नफिनने विरोधात हात वर केले. मग सगळ्यांनी वॉफल खाल्ले आणि घरी गेले.

बाबाला खुर्चीतून खाली कसं घेतलं ते आठवत नाही. मोठा माणूस तो. बाकाची गादी ओढली, त्याचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं, फोन कानात. ईवर खुर्चीत अडकलेला, आणि आता रडत होता. मी बर्गल्योतला दुसऱ्या फोनवरून एवढंच म्हटलं, "बाबाला काहीतरी झालंय, ईवरला घ्यायला ये."

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धक्का दिसतो. बोट नुकतीच लागलेली होती. परतीच्या गाड्या एकेक करून आत जात होत्या. मला बरं वाटलं. चला, म्हटलं, निघेलच आता, पलीकडे जाईल आणि रुग्णवाहिका घेऊन येईल.

बर्गल्योत आली ती धापा टाकत, खुब्याच्या दुखण्याला शिव्या देत. तिने ईवरला उचललं, बाबाकडे पाहिलं आणि एका दमात म्हणाली, "अरे देवा, हाल्वदान. त्याला जरा पडू दे गं, जेवणानंतर पडायची सवय आहे त्याला. आणि काळजी नको करूस, मी निघता निघता आर्नफिनला फोन केला. हाल्वदान आजारी आहे म्हटलं. बोट थांबलीय."

"कुठे थांबलीय?"

"कुठे म्हणजे? धक्क्याला. कितीही वेळ लागू दे म्हणाला, हाल्वदानसाठी थांबतो."

मी खिडकीतून पुन्हा पाहिलं. आत गेलेल्या गाड्या उलट्या बाहेर येत होत्या. एक, मग एक, मग एक. आर्नफिन स्वतः रॅम्पवर उभा राहून हातवारे करत त्यांना बाहेर काढत होता. रुग्णवाहिका थेट आत शिरावी म्हणून तो बोट रिकामी करत होता. रुग्णवाहिका बेटावर असायची तेव्हा बाबाने शिकवलं होतं तसंच.

आणि खाडीच्या पलीकडे, रस्ता पाण्याला मिळतो तिथे, एक निळा दिवा आला. फिरत राहिला. तिथेच.

"ऐक," मी फोनवरच्या बाईला म्हटलं, "बोट इकडे आहे. रुग्णवाहिका तिकडे आहे. बोट इकडे थांबलीय!"

"बोटीच्या कचेरीला कळवलंय. रुग्णवाहिकेसाठी थांबा म्हणून सांगितलंय."

"थांबलाय तो! म्हणूनच तर सांगतेय! तो इकडे थांबलाय!"

"हो, थांबलोच आहोत असं ते म्हणाले."

तिची चूक नव्हती. ती कुठल्या तरी शहरात बसून आमच्यासारख्या पन्नास बेटांचे फोन घेत होती. कचेरीने जे सांगितलं ते तिने मला सांगितलं. कचेरीला आर्नफिनने जे सांगितलं ते खरंच होतं. मी दुसऱ्या फोनवरून आर्नफिनला फोन लावला. वाजत राहिला. तो वर सुकाणूघरात वाजत असणार आणि आर्नफिन खाली रॅम्पवर, लोकांच्या गाड्या मागे घालत.

"गाडीतून नेऊ त्याला?" बर्गल्योत म्हणाली. ती सत्तरीची, खुबा बदललेली. मी बाबाच्या बगलेत हात घालून बघितलं. तो उजवीकडून सगळा निसटत होता, ओल्या पोत्यासारखा.

"हलवू नकोस," फोनमधली बाई म्हणाली. "कृपा करून हलवू नकोस."

मी फोन बर्गल्योतच्या हातात दिला, बाबाचं डोकं उशीवर ठेवलं. त्याने डाव्या हाताने माझी बाही धरली. ती सोडवावी लागली. बोटं एकेक करून.

मी पळाले. घरातले जोडे, वितळता बर्फ, आमचा उतार. दोनदा घसरून बसले, दोनदा उठले. धक्क्यावर बाहेर काढलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, त्यातली माणसं काचा खाली करून माझ्याकडे सहानुभूतीने बघत होती. कुणी एक म्हणाला, "सावकाश, सिन्नेव, सावकाश. आम्हाला घाई नाही."

आर्नफिन रिकाम्या बोटीच्या तोंडाशी उभा होता. मला बघून त्याने अंगठा वर केला.

"निवांत येऊ देत त्यांना!" तो ओरडला. इतक्या वर्षांत त्याला मी पहिल्यांदा ओरडताना ऐकत होते. "सगळी रिकामी केलीय! थांबलोय आम्ही!"

मला दम लागला होता. मी हात लांब केला आणि त्याच्या मागे, पाण्यापलीकडे दाखवलं.

तो वळला. निळा दिवा त्याने बघितला. पाठीवरूनच मला कळलं की त्याला कळलं. खांदे खाली गेले, क्षणभर. मग तो पळत आत गेला. रॅम्प उचलायच्या आधीच इंजिनाचा आवाज बदलला होता.

बोट गेली. ती पलीकडे पोचताना दिसत होती, वळताना दिसत होती, दिवा आत घेताना दिसत होती, आणि परत यायला लागली. सगळं दिसत होतं. आमची खाडी काही मोठी नाही. मी धावत वर गेले आणि बाबाचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं. आता तो माझ्याकडे बघत नव्हता. टेबलाच्या कडेकडे, मीठदाणी होती तिकडे बघत होता. बर्गल्योत ईवरला घेऊन कोपऱ्यात उभी होती आणि फोनमधल्या बाईला पुन्हा पुन्हा सांगत होती, "मी नुसता फोन केला. मी आपला नुसता फोन केला."

नेहमीच्या वेळेला नेहमीसारखी सुटली असती, तरी बोट त्या दिव्याआधी पलीकडे पोचली असती. ते मला त्या वेळी सुचलं नाही, नंतर सुचलं. ते आता जात नाही.

रुग्णवाहिकेबरोबर गुन्वोर होती, शाळेत माझ्या वर्गात असलेली. तिने एकही प्रश्न दोनदा विचारला नाही. सुई लावली, स्ट्रेचरवर घेतलं, चला. ईवरला बर्गल्योतकडे ठेवून मी बाबाबरोबर गेले. बोटीवर आमच्याशिवाय एकही गाडी नव्हती. वर सुकाणूघराच्या काचेत आर्नफिनची टोपी दिसत होती. त्याने खाली पाहिलं नाही.

इस्पितळात दार उघडून माणसं उभीच होती. ज्याची त्याची जागा ठरलेली. स्ट्रेचर न थांबता मेंदूचं चित्र काढायच्या खोलीत गेलं. कुणी धावत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं, आणि कुणाचा एक क्षण वाया जात नव्हता. पडद्यावर दूरच्या शहरातली तज्ज्ञ बाई होती, तिने तिथूनच चित्र पाहिलं आणि तिथूनच सांगितलं, औषध सुरू करा. केलं. मी भिंतीला टेकून बघत होते. इतकं नीट बांधलेलं, इतकं सराईत काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि आम्ही त्यात उशिरा आलो होतो.

माझा शर्ट पुढून ओला झाला होता. ईवरची दूध प्यायची वेळ टळून गेली होती आणि तो खाडीपलीकडे होता. मी कोट बंद केला.

थोड्या वेळाने तरुण डॉक्टर माझ्याशेजारी येऊन बसला.

"औषध दिलंय. पण गुठळी मोठी आहे. औषधाने ती विरघळेल असं वाटत नाही."

"मग शहरात न्या. तार घालून ओढून काढतात ना? मी वाचलंय. विमान मागवा."

"मागवलं असतं," तो म्हणाला. "आम्ही तज्ज्ञांशी बोललो. पण चित्रात जो भाग वाचवायचा, तो आता फारसा उरलेला नाही. मेंदूचा तेवढा भाग गेलाय. आता गुठळी काढून त्याला फायदा नाही, त्रास मात्र होईल."

"आणि आधी आलो असतो तर?"

तो हातातले कागद पुन्हा पाहायला लागला.

"थोडं आधी. बोट इकडून तिकडे जायला लागते, तेवढंच आधी."

"असं मोजता येत नाही, सिन्नेव. कुणाचा मेंदू लवकर आणूनही जातो, कुणाचा उशीर होऊनही वाचतो. मला खरंच सांगता येणार नाही." मग म्हणाला, "तू फोन लगेच केलास. तुझ्याकडून काही राहिलं नाही."

ते मला माहीत होतं. काही राहिलं असतं, तर धरायला काहीतरी तरी मिळालं असतं.

*

आर्नफिन मे महिन्यात आला. बाबा आता आमच्याकडेच राहतो. खिडकीशी त्याची खुर्ची आहे, तिथून बोट दिसते. उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. त्याला सगळं कळतं. बोलता मात्र एकच येतं, "हो-हो." भूक लागली तरी हो-हो, नको असलं तरी हो-हो. बोलायला शिकवणारी बाई आठवड्याला येते, चित्रं दाखवते. मांजर. घर. बोट. बाबा घाम फुटेपर्यंत प्रयत्न करतो आणि म्हणतो, हो-हो. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ईवर त्याच चित्राला "बो" म्हणायला लागलाय. मग बाबा टाळी वाजवायला हात उचलतो, आणि एका हाताने टाळी वाजत नाही म्हणून टेबलावर थापटतो.

आर्नफिनने बायकोने केलेला केक आणला होता. तो स्वयंपाकघरात माझ्याजवळच उभा राहिला, टोपी हातात.

"आता आधी तीर विचारतात," तो म्हणाला. "रुग्णवाहिका कुठल्या तीराला, बोट कुठल्या तीराला. ते सांगितल्याशिवाय कचेरी फोन ठेवत नाही."

"बरं झालं."

"मी त्याला सांगायला आलोय, सिन्नेव. काय झालं ते. त्याला माहीत असायला हवं."

"आर्नफिन..."

"मी तेवढं सांगतो आणि जातो."

तो टेबलापाशी बसला. मी कॉफीचे कप मांडले, बशा मांडल्या. ईवर उंच खुर्चीत केक चिवडत होता. बाबा आर्नफिनकडे बघून अर्ध्या तोंडाने हसत होता. आर्नफिनने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली.

"हाल्वदान," तो म्हणाला. "त्या दिवशी. बोट..." टोपी पुन्हा पहिल्या गुडघ्यावर आली. "त्या दिवशी बोट थांबली होती."

बाबाचा चेहरा उजळला. तसा तो मार्चनंतर मी पाहिलाच नव्हता. त्याने डावा हात लांब करून मीठदाणी घेतली, सांडत सांडत ओढत आणली आणि बशीला टेकवून ठेवली. वर अंगठा दाबून धरला, हलू नये म्हणून. मग आर्नफिनकडे बघितलं, आणि हात उचलून आपल्या छातीवर ठेवला. माझ्यासाठी. तू माझ्यासाठी थांबलास.

"हो-हो," तो म्हणाला. "हो-हो-हो." त्याने मिरीची डबी शोधली, ती पार टेबलाच्या कडेला नेऊन ठेवली आणि पाठमोरी फिरवली. अर्धं तोंड साहेबाला हसत होतं. डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं, आणि उजव्या गालावरचं त्याला जाणवत नव्हतं. मी पुसलं.

मग त्याने आर्नफिनचा हात आपल्या हाताखाली घेतला आणि तसाच ठेवला.

आर्नफिन माझ्याकडे बघत होता. सांग, डोळ्यांनी म्हणत होता तो, नाहीतर नको सांगूस, काहीतरी कर. माझ्या तोंडात सगळं वाक्य तयार होतं, इतके दिवस तयार होतं. थांबायला नको होतं, बाबा. त्या दिवशी नुसती वेळेवर सुटायला हवी होती. मी कॉफी ओतली.

"हो," आर्नफिन म्हणाला. "तुझ्यासाठी थांबलो होतो. सगळ्या गाड्या बाहेर काढल्या."

"हो-हो," बाबा म्हणाला, शाबासकी दिल्यासारखं.

ईवरने केकाने माखलेला हात मीठदाणीकडे नेला. बाबाने आर्नफिनचा हात सोडला आणि ईवरचा इवलासा हात हळूच बाजूला केला. मीठदाणी बशीला टेकलेली होती, आणि ती तो कुणाला हलवू देणार नव्हता.